टॅब्लेटवर फोटोचा फॉरमॅट कसा बदलावा

परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना टॅब्लेटवर काढलेला फोटो चढवावा आणि ‘फक्त जेपीजी फाइल चालेल’ असा संदेश येऊन तो नाकारला जावा, हा अनुभव आता पुष्कळांना येतो. फोटो स्पष्ट असतो, चेहरा नीट दिसत असतो, पार्श्वभूमीही पांढरी असते. तरीही अर्ज पुढे सरकत नाही, कारण टॅब्लेटने तो फोटो ज्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाइल लिहिण्याच्या ज्या पद्धतीत, साठवला आहे तो समोरच्या संकेतस्थळाला वाचता येत नाही. अशा वेळी सायबर कॅफेत धाव घेण्याची गरज नसते. टॅब्लेटवरच हे काम पाच-दहा मिनिटांत होते, मात्र ते करताना कोणत्या पायरीवर काय गमावले जाऊ शकते हे माहीत असायला हवे. हा लेख त्यासाठी आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे पुसून तेथे ‘जेपीजी’ लिहिले, म्हणजे फाइलचा फॉरमॅट बदलला असे अनेकांना वाटते. माझ्या भाचीनेही अर्जाच्या शेवटच्या दिवशी हेच केले होते आणि फाइल सदोष असल्याचा संदेश तिला तीन वेळा आला. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. प्रत्येक फॉरमॅटची स्वतःची खूण फाइलच्या आरंभीच नोंदलेली असते. पीएनजी फाइलचे पहिले ८ बाइट तर केवळ या खुणेसाठीच राखलेले असतात. संकेतस्थळे बहुधा ती खूण तपासतात. फॉरमॅट खरोखर बदलायचा असेल, तर एखाद्या प्रोग्रामने चित्र उलगडून ते नव्या पद्धतीने पुन्हा लिहावे लागते.

कोणता फॉरमॅट कशासाठी

नवख्या माणसाला चार नावे ओळखीची असली तरी पुरेसे आहे: एचईआयसी, जेपेग (जेपीजी हे त्याचेच आखूड नाव), पीएनजी आणि वेबपी.

ॲपलने २०१७ साली आयओएस ११ या आवृत्तीपासून आयफोन आणि आयपॅडवर एचईआयसी आणला. दिसायला तितकाच चांगला फोटो जेपेगच्या जवळजवळ निम्म्या जागेत मावतो, हा त्याचा फायदा. ४०३२ × ३०२४ पिक्सेलच्या एका फोटोत सुमारे १ कोटी २२ लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले तर काहीही न दाबता, म्हणजे फाइल आटोपशीर न करता, तो फोटो ३६ एमबीहून अधिक जागा घेईल. तो एक-दोन एमबीत साठवता येतो, तो या दाबण्याच्या पद्धतीमुळेच. अडचण अशी, की जुनी संकेतस्थळे आणि कार्यालयांतील बरेचसे विंडोज संगणक एचईआयसी उघडू शकत नाहीत. वेबपी हा गूगलने २०१० साली आणलेला फॉरमॅट असून इंटरनेटवरून उतरवून घेतलेली चित्रे हल्ली पुष्कळदा त्याच रूपात येतात.

जेपेग १९९२ पासूनचे मानक आहे आणि तो जवळपास सर्वत्र चालतो. मात्र तो जागा वाचवण्यासाठी चित्रातील बारीक तपशील कायमचा टाकून देतो. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील सूक्ष्म फरक तो गाळतो, आणि रंगांच्या बाबतीत तर बहुधा शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद ठेवतो. झाडे, आकाश, चेहरा यांत हे डोळ्यांना जाणवत नाही. अक्षरांत मात्र लगेच जाणवते, आणि देवनागरीत तर फारच. शिरोरेषेच्या कडेला धुरकट ठिपके उमटतात, अनुस्वार पुसट होतो, रफार आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरांची लग्नपत्रिका जेपेगमध्ये बदलून पाहावी. तिथी आणि मुहूर्ताची बारीक अक्षरे कडांना फिस्कटलेली दिसतात, कारण लाल आणि पिवळा यांतील भेदात रंगाचा वाटा मोठा असतो आणि जेपेग नेमकी रंगाचीच नोंद विरळ करतो. ज्यांच्याकडे पत्रिका, फलक किंवा मजकुराचे स्क्रीनशॉट असतील त्यांनी ते पीएनजीमध्येच ठेवावेत.

पीएनजीमध्ये ठिपकाही गळत नाही आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. त्याची किंमत जागेत मोजावी लागते: कॅमेऱ्याने काढलेला फोटो पीएनजीत बदलला, तर फाइल कित्येक पटींनी फुगते. ‘पीएनजी उत्तम म्हणून सगळे पीएनजीत ठेवू’ असा विचार करणाऱ्यांचा टॅब्लेट काही महिन्यांत भरून जातो. शिवाय जेपेगमध्ये एकदा गळलेला तपशील पीएनजीत बदलल्याने परत येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

सुरुवात करण्यापूर्वी

मूळ फाइल जशी आहे तशी राखून ठेवावी आणि जे काही करायचे ते तिच्या प्रतीवर करावे. हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. जेपेग फाइल उघडून, थोडी कापून, पुन्हा जेपेगमध्ये जतन केली की प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो. पाच-सहा वेळा असे झाले की चेहऱ्यावरील त्वचा चौकोन-चौकोन दिसू लागू शकते. म्हणून कापणे, फिरवणे, उजळ करणे ही सारी कामे मूळ फोटोच्या प्रतीवर आधी उरकून घ्यावीत आणि जेपेगमध्ये बदलण्याचे काम शेवटी, एकदाच करावे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ समजू नये, कारण पाठवतानाच तो लहान केलेला असतो. घरातील कोणाच्या फोनवरून फोटो घ्यायचा असेल, तर त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तसे केल्यास फाइल जशीच्या तशी येते.

पुढची गोष्ट म्हणजे हातातील फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे ते पाहणे. आयपॅडच्या ‘फोटोज’ ॲपमध्ये फोटो उघडून वर्तुळातील ‘आय’ या चिन्हावर टिचकी मारली, की फॉरमॅट, पिक्सेल आणि एमबी तिन्ही दिसतात. ‘फाइल्स’ ॲपमध्ये फाइलवर बोट दाबून धरून ‘गेट इन्फो’ निवडावे. अँड्रॉइड टॅब्लेटवर गॅलरीत फोटो उघडून ‘डीटेल्स’ किंवा ‘अबाउट’ असा पर्याय शोधावा. फोटो वरच्या दिशेने सरकवल्यावरही बऱ्याच गॅलऱ्या ही माहिती दाखवतात.

आयपॅडवर

आयपॅडओएस १६ पासून हे काम कोणतेही वेगळे ॲप न घेता होते. प्रथम ‘फोटोज’मध्ये फोटो निवडून शेअरच्या चौकोनावर टिचकी मारावी आणि ‘सेव्ह टू फाइल्स’ निवडून तो एका नव्या फोल्डरमध्ये ठेवावा. फोल्डरला ‘अर्ज’ असे सोपे नाव दिले तरी चालेल. मग ‘फाइल्स’ ॲप उघडून त्या फाइलवर बोट दाबून धरावे, खाली आलेल्या यादीतील ‘क्विक ॲक्शन्स’मध्ये जावे आणि ‘कन्व्हर्ट इमेज’ निवडावे. तेथे जेपेग, पीएनजी आणि एचईआयएफ (एचईआयसी हे त्याचेच एक रूप) यांपैकी हवा तो फॉरमॅट घ्यावा आणि आकार विचारला की ‘ओरिजिनल’ ठेवावा. नवी फाइल जुन्या फाइलशेजारीच तयार होते आणि जुनी फाइल तशीच राहते. दोन्हींची नावे सारखी दिसत असल्याने गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी ‘फाइल्स’च्या व्ह्यू ऑप्शन्समध्ये ‘शो ऑल एक्स्टेन्शन्स’ चालू करावे, म्हणजे प्रत्येक नावापुढे फॉरमॅटही दिसेल.

एकाच वेळी वीस-पंचवीस फोटो बदलायचे असतील तर ‘फाइल्स’मध्ये ते सर्व निवडून हीच कृती करता येते. मात्र दर आठवड्याला हे काम पडत असेल, उदाहरणार्थ शाळेतील शिक्षकाला वर्गाच्या उपक्रमांचे फोटो पाठवावे लागत असतील, तर ‘शॉर्टकट्स’ ॲपमध्ये एकदा छोटी मालिका तयार करून ठेवणे सोयीचे ठरते. अधिकचे चिन्ह दाबून नवा शॉर्टकट उघडावा. पहिली कृती ‘सिलेक्ट फोटोज’ घालून तिच्यात एकाहून अधिक फोटो निवडण्याची मुभा चालू करावी. दुसरी कृती ‘कन्व्हर्ट इमेज’ घालून फॉरमॅट जेपेग निवडावा. येथे गुणवत्तेची सरकपट्टी मिळते, जी ‘क्विक ॲक्शन्स’मध्ये मिळत नाही. फोटोसोबतची माहिती ठेवायची की वगळायची हेही याच कृतीत ठरवता येते. शेवटची कृती ‘सेव्ह फाइल’. आकारही लहान करायचा असेल तर मध्ये ‘रिसाइज इमेज’ घालावी. यानंतर एका टिचकीत सर्व फोटो बदलून मिळतात.

फोटो थेट कोणाला पाठवायचा असेल, तर नव्या आवृत्त्यांत शेअरच्या खिडकीत वरच ‘ऑप्शन्स’ असते आणि त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास फोटो जेपेग होऊनच बाहेर पडतो. आणि पुढील सर्व फोटो जेपेगमध्येच निघावेत असे वाटत असेल, तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात ‘फॉरमॅट्स’ आणि त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ असा मार्ग आहे. माझा सल्ला विचाराल तर कॅमेरा एचईआयसीवरच राहू द्यावा, कारण त्यात जागा वाचते. गरज पडेल तेवढे फोटो बदलून घ्यावेत.

अँड्रॉइड टॅब्लेटवर

येथे प्रत्येक कंपनीची गॅलरी वेगळी असल्याने एकच मार्ग सर्वांना सांगता येत नाही. बऱ्याच गॅलऱ्यांत एचईआयसी फोटो उघडून ‘एडिट’मध्ये जावे, किंचितसा बदल करावा आणि ‘सेव्ह कॉपी’ निवडावे, की प्रत जेपेगमध्ये तयार होते. जतन केल्यावर ‘डीटेल्स’ उघडून खात्री करून घ्यावी. सॅमसंगच्या टॅब्लेटवर गॅलरीच्या सेटिंग्जमध्ये शेअर करताना एचईआयएफ चित्रे आपोआप बदलण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवावा.

वेबपी, पीएनजी आणि जेपेग यांच्यात बदल करायचा असेल, तर मला ‘स्क्वूश’ हे साधन सर्वांत पसंत आहे. गूगलच्या क्रोम गटाने ते २०१८ साली विनामूल्य खुले केले. ते ब्राउझरमध्ये उघडते, तरी चित्र कोणत्याही सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरील दुसऱ्या कोणाच्या संगणकावर, जात नाही. सारे काम आपल्याच टॅब्लेटवर होते. ब्राउझरच्या पट्टीत इंग्रजीत एस-क्यू-यू-ओ-ओ-एस-एच आणि पुढे डॉट ॲप असे टंकावे, चित्र निवडावे, आणि ‘कॉम्प्रेस’ या भागात हवा तो फॉरमॅट घ्यावा. जेपेगसाठी यादीत ‘मॉझजेपेग’ असे नाव आहे, ते पाहून बिचकू नये; तयार होणारी फाइल नेहमीचीच जेपेग असते. पडद्याच्या मधोमध एक उभी किंवा आडवी रेघ असते. तिच्या एका बाजूला मूळ चित्र आणि दुसऱ्या बाजूला बदललेले चित्र दिसते. ती रेघ बोटाने सरकवत चित्र मोठे करून पाहावे, म्हणजे अनुस्वार कोणत्या गुणवत्तेला पुसट होऊ लागतो ते स्वतःच्या डोळ्यांनी कळते. क्रोमला एचईआयसी उलगडता येत नाही, म्हणून अँड्रॉइडवर असा फोटो आधी गॅलरीतून जेपेग करून घ्यावा आणि मग येथे आणावा.

प्ले स्टोअरवर फॉरमॅट बदलणारी असंख्य ॲप आहेत. त्यांतले एखादे घ्यायचेच असेल, तर ते बसवल्यावर विमान मोड चालू करून एखादे साधे चित्र बदलून पाहावे. इंटरनेट नसताना काम झाले, तर ते ॲप चित्र बदलण्यासाठी बाहेर पाठवत नाही असे समजायला हरकत नाही. काम अडले, तर आधारकार्ड किंवा गुणपत्रिकेसारखी कागदपत्रे त्या ॲपच्या हाती देऊ नयेत. ‘फाइल चढवा आणि बदलून घ्या’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांबाबतही मी हाच आग्रह धरीन. फुलांचा फोटो तेथे गेला तर फारसे बिघडत नाही. ओळखपत्राची प्रत कोणाच्या सर्व्हरवर किती काळ राहील हे मात्र आपल्या हातात उरत नाही.

अर्जाचा फोटो: एक पूर्ण उदाहरण

बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या जाहिरातींत फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर स्वाक्षरी १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मापे दिलेली आढळतात. आपल्या वर्षीच्या जाहिरातीत काय लिहिले आहे ते वाचूनच काम सुरू करावे. पद्धत समजावण्यासाठी येथे हीच मापे घेऊ.

पहिली पायरी कापण्याची. २०० × २३० म्हणजे रुंदीपेक्षा उंची थोडीशी जास्त. टॅब्लेटचा उभा फोटो याहून बराच उंच असतो. तो तसाच २०० × २३० मध्ये बसवला तर चेहरा दाबल्यासारखा रुंद दिसतो. म्हणून गॅलरीत आधी डोके आणि खांदे येतील असा जवळजवळ चौरस, किंचित उंच भाग कापून घ्यावा. दुसरी पायरी स्क्वूशमध्ये फोटो उघडून ‘रिसाइज’ चालू करण्याची. प्रमाण राखण्याचा पर्याय बंद करून रुंदी २०० आणि उंची २३० लिहावी आणि ‘फिट मेथड’मध्ये ‘कन्टेन’ निवडावे, म्हणजे उरलेला फरक चित्र न ताणता कडेने थोडे छाटून भरून काढला जातो. तिसरी पायरी मॉझजेपेग निवडून फाइलचा आकार पाहण्याची.

बहुतेकांची गफलत या तिसऱ्या पायरीवर होते. २०० × २३० म्हणजे केवळ ४६,००० ठिपके. इतके लहान चित्र नेहमीच्या ७५ या गुणवत्तेवर दाबले, तर फाइल बहुधा २० केबीच्याही खाली जाते आणि संकेतस्थळ ती ‘फार लहान’ म्हणून नाकारते. अशा वेळी लोक पिक्सेल वाढवतात आणि मग माप चुकले म्हणून पुन्हा नकार येतो. योग्य उपाय म्हणजे पिक्सेल तसेच ठेवून गुणवत्तेची सरकपट्टी उजवीकडे न्यावी; आकार ३० ते ४० केबीच्या दरम्यान आला की थांबावे. अगदी ५० ला टेकू नये, कारण काही ठिकाणी १ केबी म्हणजे १००० बाइट धरतात आणि काही ठिकाणी १०२४, त्यामुळे सीमेवरची फाइल एका जागी चालते आणि दुसऱ्या जागी अडते.

स्वाक्षरीसाठी पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करावी, दिवसाच्या उजेडात सावली न पडू देता फोटो काढावा आणि सहीच्या कडेला अगदी थोडी जागा सोडून कापावे. एक सावधगिरी येथे फार उपयोगी पडते. काही ॲप सहीची पार्श्वभूमी काढून पारदर्शक पीएनजी देतात. जेपेगमध्ये पारदर्शकता नसतेच, त्यामुळे बदलताना रिकामी जागा काही वेळा काळ्या रंगाने भरली जाते आणि काळ्यावर काळी सही दिसेनाशी होते. सही पारदर्शक करूच नये. केली असेल, तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून मगच बदलावी.

गुणपत्रिका किंवा दाखला पीडीएफमध्ये मागितला असेल, तर आयपॅडवर ‘फाइल्स’मध्ये पाने निवडून ‘क्विक ॲक्शन्स’मधील ‘क्रिएट पीडीएफ’ वापरावे. अँड्रॉइडवर चित्र उघडून ‘प्रिंट’ निवडावे आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ घ्यावे.

बदललेली फाइल पाठवण्यापूर्वी

नवी फाइल तयार झाली की ती प्रत्यक्ष उघडून पाहावी. आधी फोटो सरळ आहे ना ते पाहावे. टॅब्लेट उभा धरून काढलेल्या फोटोत बहुधा चित्र तसेच ठेवून ‘ते फिरवून दाखवावे’ अशी सूचना सोबत लिहिलेली असते. बदल करताना ती सूचना गळाली किंवा संकेतस्थळाने ती वाचली नाही, तर चेहरा आडवा दिसतो. असे झाल्यास मूळ फोटोच्या प्रतीला गॅलरीत थोडे कापून पुन्हा जतन करावे आणि मग बदलावे.

फोटोसोबत तो काढल्याची वेळ आणि ठिकाणही नोंदलेले असू शकते. घरी काढलेला फोटो अनोळखी माणसांना पाठवायचा असेल, तर ठिकाणाची नोंद वगळावी. आयपॅडवर शेअरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोकेशन’ बंद करता येते. कौटुंबिक संग्रहासाठी फोटो बदलत असाल, तर मात्र ही माहिती जपावी, नाहीतर वीस वर्षांपूर्वीच्या सहलीचे फोटो आजच्या तारखेखाली गोळा होतील. एचईआयसीतील ‘लाइव्ह’ फोटो जेपेगमध्ये बदलला, की त्यातील हालचाल आणि आवाज नव्या फाइलमध्ये येत नाहीत; लहान मुलांचे असे फोटो असतील तर मूळ फाइल पुसण्याची घाई करू नये.

शेवटी मजकूर असलेले चित्र दुप्पट मोठे करून एक ओळ सलग वाचून पाहावी. नावातील अनुस्वार, आडनावातील जोडाक्षर आणि जन्मतारखेतील अंक स्पष्ट वाचता आले, तर फाइल पाठवावी. न आले, तर त्याच फाइलवर पुन्हा काम न करता मूळ फाइलकडे परत जाऊन गुणवत्ता थोडी वाढवून नवी प्रत काढावी.